काचेला न दिसलेलं

आडेकाका माझ्या खोलीवर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दार उघडताच ते सरळ आत आले, भिंतीतल्या कपाटासमोर उभे राहिले आणि त्याच्या काचेवर नखाने टिचकी मारली. मग मान तिरपी करून काचेतून आतल्या भांड्यांकडे पाहिलं. "जुनी हाय," ते म्हणाले, "बुडबुडा नाही, लहर नाही. घरमालकाले सांगून ठेवा, कपाट मोडायचं झालं तर काच मले पाह्यजे." मी दिग्रसला येऊन जेमतेम महिना झाला होता. एका अनोळखी म्हाताऱ्याने माझ्या कपाटावर हक्क सांगावा हे मला अजिबात आवडलं नाही. मी तसं बोलणार, तेवढ्यात ते वळले आणि म्हणाले, "मॅडम, हात दाखवा."

मला वाटलं, ज्योतिषी असावेत. चिडूनच मी हात पुढे केला. त्यांनी रेषा पाहिल्या नाहीत. ओट्यावरची एक ताटली उचलून काठोकाठ पाण्याने भरली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "हालत नाही," ते समाधानाने म्हणाले, आणि स्वतःचे हात पुढे केले. बोटांची टोकं शाई लागल्यागत काळी होती, आणि दोन्ही हात थरथरत होते. "माहे हालतात. कॉलेजात केमिस्ट्रीच्या नव्या मॅडम आल्या म्हणून समजलं. मले हात पाह्यजे होते."

थावरा आडे हे त्यांचं पूर्ण नाव. आता त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. दिग्रसच्या जवळच्याच एका बंजारा तांड्यावर जन्मलेला हा माणूस चौदाव्या वर्षी नागपूरला एका ब्लॉक तयार करणाऱ्याकडे कामाला लागला होता. पूर्वी छापखान्यात चित्र छापायचं तर जस्ताचा ठसा लागे, आणि तो ठसा करण्याआधी चित्राचा फोटो काचेवर घ्यावा लागे. काच रसायनाने ओली करायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच धुवायची. ही जुनी रीत जगात इतर ठिकाणी केव्हाच बंद पडली होती, पण ब्लॉकवाल्यांकडे टिकून होती. काकांनी ती वीसेक वर्षं केली. पुढे छपाईच बदलली, दुकान बंद पडलं, आणि काका गावाकडे येऊन एका दवाखान्यात एक्स-रेच्या फिल्मा धुवायला लागले. "सारी जिंदगी अंधारात काम केलं," ते म्हणत, "लोकायनं मले पाह्यलंच कुठं?"

निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, त्यांनी जुन्या लाकडाचा एक कॅमेरा सुताराकडून बांधून घेतला आणि पुन्हा काचा भिजवायला सुरुवात केली. मूलबाळ नव्हतं. जिनिंगच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, त्यातली आतली खोली गोणपाट लावून अंधारी केलेली, खिडकीला तांबडी काच. बाहेर हंगामात कापसाच्या गाड्या उभ्या राहत. काका रसायनाची बाटली दाखवून म्हणत, "हे काय हाय? हाही कापूसच हाय. आपण क्विंटलनं इकतो, थो कारखान्यात जाते अन् बाटलीत भरून येते. उडून जाते म्हणून बूच घट्ट ठेवा लागते." ईथरच्या वासाने मला पहिल्या दिवशी चक्कर आली. ते म्हणाले, "नवीन माणसाले येते. मले कधीपासून वासच येत नाही."

मी कशासाठी गेले, हे सांगायला हवं. माझं लग्न मोडून दोन वर्षं झाली होती. अमरावतीला प्रत्येक जण आवाज खाली करून चौकशी करायचा, म्हणून मी दूरची नोकरी धरली. आठवडा कसाबसा जायचा. रविवार जात नसे. दुपारी अडीच वाजता भांडी घासून झाली की रात्रीपर्यंत काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. काकांनी ते रविवार मागितले आणि मी देऊन टाकले.

पहिले दोन महिने त्यांनी मला फक्त काच पुसायला लावली. खडूची पूड आणि स्पिरिट घेऊन काच घासायची, मग कोरड्या फडक्याने, मग त्याहून कोरड्या फडक्याने. एमएस्सी झालेल्या बाईला काच पुसता येत नव्हती. मी पुसलेल्या काचेवर ते तोंडाची वाफ सोडत. वाफेत माझ्या बोटाचा ठसा उमटे. ते काही न बोलता काच परत देत. चिडून मी एकदा म्हणाले, "काका, हे यंत्राने होत नाही का?" तर म्हणाले, "होते. पण मंग तू कायले येशील?" त्या दिवशी 'मॅडम' संपलं आणि 'तू' सुरू झालं.

मग ओतणं आलं. काच बोटांच्या टोकांवर तोलायची, मधोमध रसायन ओतायचं, आणि काच हळूहळू कलती करत ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कोपऱ्यात न्यायचं. शेवटच्या कोपऱ्यातून उरलेलं पुन्हा बाटलीत. ते न थांबता, न सांडता, एका दमात व्हायला हवं. माझ्या कोपरापर्यंत ओघळ यायचे. काका स्टुलावर बसून फक्त म्हणत, "घाई केली. काचेले घाई समजते." पुढे चांदीच्या पाण्यात काच बुडवायची, लाकडी डब्यात घालून कॅमेऱ्यात सरकवायची, वाळायच्या आत सगळं उरकायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ओतता ओतताच वाळते. "ओलं हाय तवरच आपलं," हे त्यांचं दुसरं वाक्य. ते वाक्य ते भाजीच्या बाबतीतही म्हणत, आणि नात्यांच्या बाबतीतही.

आम्ही फोटो काढायचो ते वस्तूंचे. तांब्या, शिवणयंत्र, पळसाची डहाळी, अंगणातली खाट. माणसांचे कधीच नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माणूस हालते." ब्लॉकच्या दुकानातही त्यांनी काढलेले चित्रांचे नि कागदांचेच फोटो होते. जिवंत माणूस त्यांच्या कॅमेऱ्यासमोर कधी बसलंच नव्हतं. आम्ही दोघं तासन् तास त्या खोलीत असायचो आणि आमच्यात बोलणं व्हायचं ते काचेबद्दल. माझ्या नवऱ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, त्यांच्या बायकोबद्दल मी विचारलं नाही. मला त्यात बरं वाटे. आता वाटतं, थोडं विचारायला हवं होतं.

त्यांच्याकडे येणारं माणूस एकच, त्यांची मोठी बहीण सोनीबाई. बाजाराच्या दिवशी ती तांड्यावरून यायची, डोक्यावर टोपली, चौऱ्याऐंशीच्या वयात ताठ. जुन्या पद्धतीचा घागरा, आरशांची ओढणी, आणि चेहऱ्यावर, हातांवर हिरवंनिळं गोंदण. काकांची आई, त्यांच्या बोलीत 'याडी', ते दोन वर्षांचे असताना गेली. त्यांना वाढवलं ते दहा वर्षांच्या सोनीबाईने. ती आली की काका बदलत. घरात त्यांच्या बोलीतलं बोलणं सुरू होई, भरभर, मला न समजणारं, मधूनच हसणं. ते तिला 'बाई' म्हणत, ती त्यांना 'थावऱ्या'. त्या नावाने त्यांना हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती भाकरी ठेवून, चहा पिऊन तासाभराने निघून जाई, आणि काका पुढचा दिवसभर मराठीत गप्प राहत.

त्या हिवाळ्यात माझा हात बसला. सलग चार काचा डाग न पडता निघाल्या. काकांनी पाचवी काच माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता बाईचा काढू. एवढा एक काढला की माहं झालं. तिनं मान्य केला पाह्यजे, बस. जगाचं मले काही नाही." सोनीबाई आधी नाहीच म्हणाली. मग बाजाराच्या दिवशी धुतलेली ओढणी घालून आली. आम्ही तिला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवलं. डोकं हलू नये म्हणून खुर्चीच्या मागे बांबू रोवला. मी काच भिजवली, काकांनी झाकण काढलं. बारापर्यंत मोजेस्तोवर तिने पापणीसुद्धा हलवली नाही. "माणूस हालते" हे तिला लागू नव्हतं.

आत हिराकशीचं पाणी टाकलं, आणि तांबड्या उजेडात काचेवर काहीतरी धरू लागलं. बाहेर आणून हायपोच्या पाण्यात घातली. पांढुरकेपणा विरला, आणि काच काळ्या फडक्यावर ठेवताच सोनीबाई समोर आली. प्रत्येक सुरकुती, ओढणीचा प्रत्येक आरसा. इतकी स्वच्छ काच मी पुन्हा काढलेली नाही. मला रडू आलं. काकांनी काच फडक्यासकट तिच्यापुढे धरली.

सोनीबाईने बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून, मला समजावं म्हणून मराठीत म्हणाली, "ही कोण हाय?"

काका म्हणाले, "तूच हायेस नं."

"माहं गोंदण कुठं हाय?"

आम्ही दोघांनी पाहिलं. कपाळ कोरं होतं. हनुवटी कोरी. गाल, हात, सगळं कोरं. इतका वेळ आम्ही ओढणीचे आरसे मोजत होतो.

"दागिने लेकरं काढून घेतात, कपडे जळतात," सोनीबाई म्हणाली. "गोंदण तेवढं बाईसोबत जाते. याडी तिथं कायच्यावरून ओळखन मले? जितेपणी पुसून टाकलं तुनं, थावऱ्या." तिने आवाज चढवला नाही. टोपली उचलली, भाकरी तशीच टोपलीत होती, आणि ती गेली.

काका अंगणातच बसले. संध्याकाळी कधीतरी त्यांनी तोंड उघडलं. "दुकानात आर्टिस्ट लोक निळ्या पेन्सिलीनं खुणा करायचे. कायले? तर काचेले निळं दिसत नाही. कागदावर रेघा राह्यल्या तरी छापून येत नाही. चौदाव्या वर्षी पह्यल्या दिवशी मले हे सांगतलं होतं. मी शंभर जणायले शिकवलं." मग थांबून म्हणाले, "पण बाईचं गोंदण निळं हाय, हे माह्या ध्यानातच नाही आलं. मले थे तिचं तोंडच वाटे." मला रसायनशास्त्र येत होतं, मलाही ते सुचलं नव्हतं. पण माझी ती बहीण नव्हती, त्यामुळे मी सुटले.

पुढच्या बाजाराला सोनीबाई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काका दर वेळी दोन कप मांडून ठेवत आणि दुपारनंतर एक उचलून ठेवत. मी म्हणाले, तांड्यावर जा, चार किलोमीटर तर आहे. ते म्हणाले, "रिकाम्या हातानं कसा जाऊ?" मी म्हणाले, गोंदणावर काजळ लावून पुन्हा फोटो काढू, काजळ काचेला दिसेल. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी विषय सोडला. एवढं कळत होतं की या माणसाच्या घरात त्याची बोली बोलायला येणारं एकच माणूस होतं, आणि तेही आता येत नव्हतं. त्या काळात काचा फार चांगल्या निघाल्या. काकांनी एकही नीट पाहिली नाही.

मग एका रविवारी एका वाया गेलेल्या काचेला माझं नख लागलं. चांदीची साय खरवडली गेली, आणि काळ्या फडक्यावर तिथे काळी रेघ दिसली. मी रेघेकडे बघतच राहिले. मग सुई आणली आणि टोचून पाहिलं. काळा ठिपका. काकांना हाक मारली. ते आले, ठिपका पाहिला, काच उजेडात धरून पुन्हा पाहिला. शेवटी म्हणाले, "गोंदण माहेरचं असते. लग्नाआधी माहेरच्यायनं करून द्यायचं असते. तिचं माहेर म्हंजे आता मीच."

सोनीबाईची काच त्यांनी रोगण न लावता तशीच ठेवली होती. ती काढली, काळ्या फडक्यावर मांडली, चष्मा पुसला, सुई घेतली, आणि सुई काचेवर तशीच थांबली. मला वाटलं हात थरथरतोय म्हणून. तसं नव्हतं. त्यांनी विचारलं, "हनुवटीवर किती हायेत? तीन का पाच?"

मला माहीत नव्हतं. मी तिला तासभर कॅमेऱ्यातून पाहिलं होतं, चेहरा अचूक जागी आणला होता. तीन की पाच, मला सांगता येईना. "कपाळावर चंद्र हाय का नुसता ठिपका?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मग सुई खाली ठेवली. "अंगाखांद्यावर वाढलो तिच्या. पंचाहत्तर वर्षं समोर बसून जेवलो. मले माहीत नाही."

मी म्हणाले, जाऊन बघून या. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. "होळीले जाईन," म्हणाले. तांड्यावर होळी मोठी असते, सगळे रुसवे तिथे मिटतात, आणि बोलावण्याशिवाय जाता येतं. त्यांनी नवं धोतर आणून ठेवलं. काच गुंडाळायला मऊ कापड मला शिवायला सांगितलं. होळीला नऊ दिवस असताना सकाळी सोनीबाईचा मुलगा विलास मोटारसायकलवर आला. ती झोपेतच गेली होती.

मी त्यांच्याबरोबर गेले. अंगणात बायका मोठ्याने रडत होत्या, गाणं म्हटल्यासारखं एकीमागून एक. काका रडले नाहीत. ते तिच्या डोक्याशी बसले, वाकले, आणि बघत राहिले. कपाळाकडे, गालाकडे, हनुवटीकडे, हातांकडे. मग बोट पुढे करून एकेका ठिपक्याला हात लावत गेले. उशीर होऊ लागला तसा विलास म्हणाला, "मामा, आता उचलू द्या." काका म्हणाले, "थांब बापा, राह्यलं अजून." लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. ते काय करत आहेत हे तिथे फक्त मला ठाऊक होतं, आणि त्यांच्या बाजूने बोलायला माझी जीभ उचलली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी काच मांडली. कपाळावर चंद्र आणि खाली ठिपका. हनुवटीवर तीन. उजव्या गालावर एक, आणि तिथे ते थांबले, कारण काचेवरचं तोंड आरशातल्यासारखं उलटं असतं. हिशोब करून त्यांनी तो बरोबर जागी टोचला. "तिनं आरशात पाह्यलं तर असंच दिसलं असतं," ते म्हणाले. हात थरथरत होता, पण सुई टेकली की थांबे. हातांवरच्या गोंदणासकट सगळं संपायला दुपार गेली. काच फडक्यावर धरून पाहिली, आणि मी म्हणाले, "काका, आता त्याच आहेत." ते म्हणाले, "तू म्हणून काय होते? जिनं म्हणायचं थे गेली."

तेराव्याला आम्ही काच घेऊन तांड्यावर गेलो. भिंतीवर सोनीबाईचा मोठा फोटो लावला होता, हार घातलेला. विलासने मोबाइलमधला फोटो स्टुडिओत देऊन तो करून आणला होता. चेहरा गुळगुळीत, गोरापान, कपाळ कोरं. "मस्त झाला नं मामा?" विलास म्हणाला. "डागगिग होते सारे, त्यायनं कॉम्प्युटरवर काढून टाकले." काकांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विलासला एक शब्दही ऐकवला नाही. काय ऐकवणार होते? तीच चूक निस्तरायला त्यांना स्वतःला तीन महिने लागले होते.

बायकांमध्ये एक गोमलीबाई होती, सोनीबाईच्या बरोबरीची, तिच्यासोबत एकाच दिवशी गोंदलेली. काकांनी कापड सोडून काच तिच्यापुढे केली. तिने ती आपल्या काळपट घागऱ्यावर ठेवली तसा चेहरा उमटला. तिने तोंड अगदी काचेजवळ नेलं. बोटाने एकेक ठिपका मोजला, स्वतःच्या हनुवटीवर बोट नेऊन ताडून पाहिला. "सोनी हाय," ती म्हणाली. काकांनी मान हलवली. त्यांच्या छातीतून श्वास सुटल्याचं मला ऐकू आलं.

"पण एक कमी हाय," गोमलीबाई म्हणाली.

काकांनी खिशातली सुई काढली. "कुठं?"

"कानामांगं. ओढणीखाली. तुले कुठून दिसन?" तिने काच उचलून त्यांच्या हातात दिली. "याडी गेल्यावर गोंदणारी आलती. तू सोनीच्या कडेवर होता, रडून राह्यला होता. तिनं गोंदणारीले एक जास्तीचं मागतलं. हे माह्या भियाचं, भावाचं, म्हणे. एवढुसं."

काका काचेकडे बघत राहिले. जिथे तो ठिपका असायला हवा होता तिथे ओढणी होती, आरशांची, प्रत्येक आरसा स्वच्छ उतरलेली. टोचायला जागा नव्हती. "मले कधी सांगतलं नाही तिनं," ते म्हणाले.

"तुनं कधी इचारलं?" गोमलीबाई म्हणाली. रागाने नाही, सहज.

त्यांनी सुई परत खिशात ठेवली आणि काच पुन्हा तिच्याकडे देऊन टाकली. परतताना आम्ही रस्त्याने चालत आलो. जिनिंगपाशी थांबून, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणाले, "थे तेवढं गेलं तिच्यासोबत." मग कुलूप काढून घरात गेले. मी थोडा वेळ दाराबाहेर उभी राहिले. नंतर माझ्या खोलीकडे निघाले.